बारीक टायर

सगुण घाडीच्या जिपीचे चारही टायर त्या वर्षी एकदमच संपले. गोवा राज्य होऊन जेमतेम आठवडा झाला होता. डिचोलीच्या बाजारात पताका अजून लटकत होत्या, आणि भिंतींवर आदल्या हिवाळ्यातल्या भाषेच्या भांडणाच्या घोषणा तशाच होत्या, कुठे मराठीच्या, कुठे कोंकणीच्या. सगुणला त्या वाचायला सवड नव्हती. पाऊस दारात आला होता आणि टायरांवरून बोट फिरवलं तर नक्षी लागत नव्हती.

मुळगावच्या पलीकडे, खाणीच्या पाठीमागे त्यांचा वाडा. सतरा घरं. डांबरी रस्ता तिथून दीड मैलावर, आणि मध्ये सखल भातशेतीचा मळा. चौसष्ट साली वाड्यातल्या माणसांनी आपल्या हातांनी या मळ्यातून रस्ता केला होता. डोंगरातून चिरे काढायचे, खांद्यावरून आणायचे, एकाला एक लावून बसवायचे. सगुण तेव्हा वीस वर्षांचा होता. खांद्याची सालं गेली तरी तो थांबला नव्हता. पुढे सात वर्षांनी लिलावात निघालेली लष्कराची जुनी जीप त्याने घेतली आणि त्याच रस्त्यावरून वाड्यात आणली. तेव्हापासून वाड्यातल्या नवऱ्या, बाळंतिणी, भाताच्या गोणी आणि चवथीचे गणपती त्याच जिपीतून आले-गेले.

पावसात मळ्यात चिखल व्हायचा, पण चिखलाखाली चिरा असायचा. जिपीचे अरुंद टायर चिखल कापत खाली जायचे, चिऱ्याला लागायचे आणि गाडी बाहेर यायची. आदल्या डिसेंबरात चळवळीतल्या पोरांनी मोठ्या रस्त्यावर झाडं पाडून वाहतूक अडवली, तेव्हा म्हाताऱ्या गोकुळदासांच्या छातीत कळ आली होती. सगुणने त्यांना वायंगणासाठी, म्हणजे हिवाळी भातासाठी, पाणी भरलेल्या शेतांतून, आडवाटांनी नेऊन इस्पितळात पोचवलं. म्हातारा जगला. वाड्यात जो भेटेल त्याला तो सांगायचा, "सगुणाच्या गाडयेक देवाचे पाय आसत." सगुण हसायचा, पण ते त्याला आवडायचं.

टायर आणायला निघाला त्या सकाळी सुलोचना चहाची कपबशी त्याच्यापुढे ठेवून तिथेच उभी राहिली. सुलोचना त्याची बायको, माहेर पेडण्यात धारगळला. तिला काही सांगायचं असलं की ती अशी उभी राहायची.

"काल मळ्यात काठी घातलंय," ती म्हणाली. "माझ्या मांडयेपर्यंत गेली. तळाक लागूक नाय."

"शेतात घातलं असशील."

"शेतात न्हय. रस्त्यार. मोरीकडे, बरोबर मधी. खाणीचो गाळ आसा तो. वयल्यान सुको दिसता, पण आत लोण्यासारको."

सगुणने चहा संपवला. "सोळा वर्सां मी त्या रस्त्यार गाडी चालवतंय. आणि तू काठी घेऊन माका शिकवतस?"

"शिकवीत नाय. सांगतंय."

"सांगितलंस मां? झाला तर."

ती कपबशी उचलून आत गेली.

बाजारात जाताना त्याने गोपाळला बरोबर घेतलं. गोपाळ त्याचा साडू. सुलोचनाची धाकटी बहीण गंगा त्याला दिली होती आणि त्यांचं घर सगुणच्या घरापासून हाकेवर होतं. गोपाळ खाणीवर टिप्पर चालवायचा. खाणीतून निघालेली निरुपयोगी माती भरायची आणि वर ढिगावर नेऊन ओतायची, दिवसभर तेच. त्या ढिगावरूनच दर पावसात माती धुपून मळ्यात यायची. गोपाळला ते माहीत होतं. त्याविषयी तो बोलत नसे, आणि वाड्यातलं कोणी त्याला विचारतही नसे.

यशवंताचं टायरचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. तो सावंतवाडीकडचा, लष्कराच्या वर्कशॉपात वीस वर्षं काढलेला. गिऱ्हाइकाला पटकन माल देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने दोन टायर आणून भिंतीला टेकून उभे केले. एक अरुंद, सगुणच्या जुन्यासारखाच. दुसरा जवळजवळ दीडपट रुंद, ट्रॅक्टरासारखी जाड नक्षी असलेला.

"रुंद घे," गोपाळ लगेच म्हणाला. "आमच्या खाणीतल्या जिपींका हेच आसत. गाळार कशे बोटीसारके जातत."

यशवंताने हात वर करून त्याला थांबवलं. "दोनूय बरे. वायट कोणच नाय. खाली कठीण जमीन आसात तर बारीक घे, सगुण. बारीक टायर चिखल कापता आणि खाली जाऊन जमीन धरता. रुंद थंय वरच्या वर घसारता. पण खाली जमीनच नाय, निसतो गाळ आसा, तर बारीक टायर आपलोच खड्डो खणता. जितको फिरवशीत तितको खाली. थंय रुंद घालूचे, हवा कमी करूची आणि दमान जावचा. आता तू माका सांग. तुझ्या मळ्यात खाली काय आसा?"

"चिरो."

"कितको खोल?"

सगुणच्या डोळ्यांपुढे सुलोचनाची काठी आली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि मोजण्यात ती कधी चुकत नसे. त्याला तिचं म्हणणं तेव्हाच, चहा पितानाच, खरं वाटलं होतं. पण यशवंतासमोर तोंडाने 'मांडीएवढा' म्हणणं म्हणजे आपण खांद्यावरून आणलेले ते चिरे आता नाहीत असं म्हणण्यासारखं होतं.

"हातभर," तो म्हणाला.

"यंदा जास्त आसतलो," गोपाळ म्हणाला.

"तू बांधावयल्यान चलत जातस. रस्तो मी बगतंय."

यशवंताने सगुणकडे एकदा नीट पाहिलं, मग मान डोलावली. "हातभर आसात तर बारीकच बरे." आणि त्याने जॅक लावला.

जून निभावला. जुलैत मोरीजवळ जीप दोनदा बसता बसता राहिली. दोन्ही वेळा सगुण एकटाच होता. एकदा त्याने पाऊण तास मागे-पुढे करत, कडेच्या दोन-चार चिऱ्यांचा आधार घेत ती बाहेर काढली आणि घरी यायच्या आधी ओढ्यावर नेऊन धुतली, अगदी खालून हात घालून. गोकुळदासांनी विचारलं, "नवे टायर कशे?" तेव्हा तो म्हणाला, "बेस."

श्रावण अर्धा उलटला आणि खाणीच्या ढिगाखालचा मातीचा बांध एका बाजूने खचला. चार दिवस मळ्यात लाल गाळ उतरत राहिला. नुकती लावणी झालेल्या भाताचे शेंडेसुद्धा दिसेनासे झाले. खाणीचा एक माणूस छत्री घेऊन बांधावर आला, वहीत काहीतरी लिहून घेतलं, पाऊसच फार झाला म्हणाला आणि गेला. वाड्यातली माणसं त्या सपाट लाल पृष्ठभागाकडे बघत उभी राहिली. ते शेत होतं हे माहीत नसतं तर एखाद्याला ते सारवलेलं अंगण वाटलं असतं.

त्यानंतर आठ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, गंगाला नाग चावला.

ती घरामागच्या कुंपणाशी गुरांसाठी गवत कापत होती. डाव्या पायाच्या घोट्यावर. तिने तो पाहिला होता, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. ती स्वतःच्या पायांनी चालत सुलोचनाच्या दारात आली आणि म्हणाली, "बाय, माका नाग चावलो." जणू उसनं मीठ मागायला आली होती. सुलोचनाने पदर फाडून पोटरीला बांधला. गोपाळ कामावर होता. त्यांची सहा वर्षांची मुलगी अंकिता शाळेत.

सगुणने जीप काढली. सुलोचना बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. वाड्याच्या तोंडाशी दोन वाटा फुटत होत्या. एक वरून खाणीच्या हद्दीतून जाणारी, सात मैलांची, तिच्यावर दोन फाटकं, आणि फाटकवाला परवानगीशिवाय सोडत नसे. दुसरी मळ्यातून. तीस पावलं गाळ ओलांडला की पुढे अर्ध्या तासात डिचोली.

सुलोचना म्हणाली, "वरसून जावया."

"फाटकार तास जायत," सगुण म्हणाला आणि गाडी मळ्याकडे वळवली.

त्याने खालचा गिअर टाकला, पुढची चाकंही लावली आणि गाडी एका लयीत आत घातली. पहिली दहा पावलं ती गेली. गाळ दोन्ही बाजूंनी उघडत होता, टायर तो कापत होते, यशवंताने सांगितलं होतं अगदी तसंच. मग चाकं खाली जायला लागली. सगुण चिऱ्याची वाट पाहत होता. आता लागेल, आता लागेल. हातातल्या स्टिअरिंगमधून त्याला चिऱ्याचा धक्का नेहमी कळायचा. तो आला नाही. जिपीचं पोट गाळावर टेकलं, चारही चाकं खाली मोकळी फिरायला लागली आणि इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला, ओझं नसल्यासारखा.

तो खाली उतरला तेव्हा कमरेपर्यंत गेला.

हाका ऐकून वाड्यातली माणसं धावत आली. कोणी माडाची चुडतं आणली, कोणी गोठ्याचं दार उचकटून आणलं. ती चाकांखाली सारली. सगुणने ॲक्सिलरेटर दाबला, चुडतं गिळल्यासारखी आत गेली आणि जीप आणखी वीतभर बसली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. चौथ्या वेळी गोकुळदास काठावरून ओरडले, "फिरवू नको रे! फिरवू नको! खाली जाता!"

एक जण खाणीकडे धावत सुटला, गोपाळला सांगायला.

गंगाच्या पापण्या उतरायला लागल्या होत्या. ती डोळे उघडायचा प्रयत्न करत होती आणि ते उघडत नव्हते. जीभ जड झाली होती. "बाय, अंकिताक शाळेतसून..." एवढं कळलं, पुढचं कळलं नाही. सुलोचना म्हणत होती, "हाडतंय गे, हाडतंय मी तिका." सगुणने मागे वळून पाहिलं. सुलोचनाने मात्र त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बहिणीच्या छातीकडे पाहत होती, श्वास मोजत असल्यासारखी.

गंगाला दुसऱ्या एका दारावर निजवून चौघांनी उचलून बांधावर न्यायचं ठरलं. चौघे चार पावलं गेले आणि एक मांडीपर्यंत असा रुतला की बाकीच्यांना दार टेकवून आधी त्याला ओढावं लागलं. असा तास गेला. पलीकडचा काठ तिथून दिसत होता. तिथे कोणाचीतरी गाय उभी होती.

मग पलीकडून जीप आली. खाणीची. गोपाळ चालवत होता. कोणाला विचारून आणली की न विचारता, ते कळलं नाही. रुंद टायर, हवा निम्मी काढलेली. ती गाळावरून हळूहळू, पोट न टेकवता, मागे दोन उथळ पट्टे ठेवत आली आणि सगुणच्या रुतलेल्या जिपीजवळ उभी राहिली. गोपाळ दारावर उतरला आणि त्याने गंगाला उचलून आत ठेवलं. सुलोचना चढली. सगुणही पुढे झाला, पण गोपाळ म्हणाला, "वजन नको," आणि गाडी फिरवली. त्यात राग नव्हता. वजन खरंच नको होतं.

डिचोलीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि लगेच म्हापशाला न्यायला सांगितलं. अस्नोड्याचा पूल यायच्या आधी गंगाचा श्वास थांबला. ती तीस वर्षांची होती.

सगुणला हे दुपारी चारला कळलं. तोपर्यंत तो मळ्याच्या काठावरच बसून होता. अंगावरचा गाळ वाळून तडकला होता. अंकिताला शाळेतून आणायला कोणालाच आठवलं नव्हतं. ती शेजारच्या मुलींबरोबर बांधावरून चालत आली आणि जिपीकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, गाडी बुडली?"

त्यानंतरचे दिवस सगुणने एका गोष्टीची वाट बघण्यात काढले. सुलोचना आज बोलेल, आता बोलेल. ती बोलली नाही. अंकिताला तिने आपल्याकडे आणलं, कारण गोपाळला कामाची पाळी चुकवून चालणार नव्हतं. ती अंकिताचे केस विंचरायची, गुरांना पाणी दाखवायची, सगुणला वेळेवर वाढायची. पानात मीठ ठेवायलासुद्धा ती विसरली नाही. चवथ सुतकात गेली. वाड्यातली माणसं म्हणायची, "तुजी काय चूक, सगुण? नशिबात व्हता." गोपाळही तेच म्हणाला. दर वेळी सगुणला वाटायचं, कोणीतरी गळा दाबत आहे आणि तोंडाने गोड बोलत आहे.

बाराव्याला यशवंत आला. डिचोलीहून बस, मग बांधावरून चालत. गोपाळजवळ थोडा वेळ बसला, पेज घेतली, आणि निघताना सगुणला म्हणाला, "चल, गाडी बगूया."

जीप अजून तिथेच होती, बॉनेटपर्यंत. यशवंताने बांधावरचा एक बांबू उचलला, टाकलेल्या चुडतांवर पाय देत गाडीपर्यंत जाऊन तिच्याशेजारी घातला आणि बाहेर काढून त्यावरची ओल पाहिली. मग थोडं अलीकडे, जिथे नव्या गाळाचा थर पातळ होता तिथे खरवडून, खालच्या जुन्या, घट्ट झालेल्या थरात घातला. तिथला थर या वर्षीचा नव्हता, हे कळायला वीस वर्षं लष्करात घालवायची गरज नव्हती. तो एकटाच मांडीएवढा होता.

यशवंताने बांबू टाकून दिला, हात धुतले. "येतंय," म्हणाला. आणि चार पावलं गेल्यावर न वळता म्हणाला, "माका खरा सांगितलं असतंस तर मी तुका बारीक दिलंय नसतंय रे."

दुसऱ्या दिवशी सगुण खाणीवर गेला. वरच्या वाटेने, चालत. फाटकवाल्याने त्याला ओळखलं आणि काही न विचारता सोडलं. ढिगावर गोपाळचा टिप्पर माती ओतायच्या रांगेत उभा होता. सगुण पायदानावर चढला आणि खिडकीला धरून उभा राहिला.

"गोपाळ, यशवंतान विचारल्यान तेवा माका म्हायत व्हता. कितको खोल ता. सुलोचनान त्याच दिसा सकाळी काठी घालून सांगितलेला. मी खोटा सांगितलंय."

गोपाळने इंजिन बंद केलं. पुढचा टिप्पर ओतून निघून गेला, मागचा हॉर्न द्यायला लागला.

"ह्या माका आता कशाक सांगतस?"

"तुका कळाक व्हया म्हणान."

"माका कळाक व्हया म्हणान न्हय. तुका हलका वाटाक व्हया म्हणान." गोपाळचा आवाज चढला नाही. "मी रोज ही माती हंय ओततंय, सगुण. ही माती खाली गेली आणि माझी बायल अडाकली. मी मनात म्हणी, माझ्याच हातान झाला. तुजेर माजो राग नव्हतो. तितकी एक गोष्ट बरी व्हती. अंकिता तुज्या घरात जेवता, सुलोचना तिचे केस विंचारता, मी रातपाळयेसून येतंय आणि तुज्या सोप्यार बसान चाय पितंय. आता सांग, उद्यापासून मी खंय बसू?"

सगुणने खिडकीवरची पकड सोडली नाही.

मागून पुन्हा हॉर्न वाजला. "उतर," गोपाळ म्हणाला. सगुण उतरला. टिप्पर पुढे गेला, मागे वळून कड्याशी उभा राहिला, त्याचा हौदा हळूहळू वर उचलला गेला आणि लाल माती खाली घरंगळली. गोपाळ रिकामी गाडी घेऊन सगुणच्या शेजारून गेला तेव्हा त्याने खिडकीतून पाहिलं नाही.

त्या महिन्याच्या अखेरीला गोपाळने अंकिताला आपल्या आईकडे आमोण्याला नेऊन ठेवलं. सुलोचनाने तिचे कपडे घडी करून पिशवीत घातले आणि ती दोघांना बांधापर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर ती चुलीपुढे बसली. सगुणने विचारलं, "काय म्हणाली अंकिता?"

"काय नाय," सुलोचना म्हणाली. तिने ताट घेतलं आणि त्याला वाढलं.